मदत हवी आहे: बारीक भुंगेरा, नवीन प्रजाती – वर्णन कुठे पाठवायचं?

भीमाकाठ
सोलापूर परिसरात एक बारीक कॅरॅबिड (जमिनीवर धावणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातला) मिळालाय. की (प्रजाती ओळखायची किल्ली) लावून पाहिली, कुठेच बसत नाही, म्हणजे नवीनच आहे. वर्णन लिहून तयार आहे, फोटोही आहेत. कुठल्या जर्नलला दिलं तर लवकर छापतील? नाव सोलापूरवरून द्यायचंय. जरा पटकन सांगा की ओ.

सूक्ष्मदृष्टी
बारीक म्हणजे किती? गण (जीनस) कोणता? की कुणाची? नर आहे का? नमुने किती? फोटो इथे दिसत नाहीयेत.

भीमाकाठ
साधारण २ मिमी. तपकिरी, चकचकीत, खांद्यापाशी फिकट डाग. की नेटवर मिळाली, युरोपची आहे. पाच नमुने. जर्नलचं सांगा ना.

सूक्ष्मदृष्टी
युरोपच्या कीत सोलापूरचा भुंगेरा बसला असता तरच नवल होतं. आधी गट नक्की करा. जबड्याजवळच्या स्पर्शिकेचा (मॅक्सिलरी पाल्प) शेवटचा भाग सुईच्या टोकाएवढा आहे का? पुढच्या पायाच्या नळीचा बाहेरचा कोपरा तिरका कापल्यासारखा आहे का? पंखाच्या टोकाशी शिवणीलगतची (दोन कडक पंख जिथे जुळतात तिथली) रेघ वळून परत वर येते का? तिन्ही असतील तर टॅकिस-गट. पंखांवर बारीक लव असेल तर पेरिलेप्टस बघा. कंबर आवळलेली आणि पाय खणायचे असतील तर डिस्किरियस. पंख टोकाला आडवे कापलेले असतील तर मायक्रोलेस्टिस वगैरे.

भीमाकाठ
तिन्ही आहेत. लव नाही.

सूक्ष्मदृष्टी
मग कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यूजचं १९२५चं प्राच्य (भारत-आग्नेय आशियाकडच्या) टॅकिस प्रजातींचं पुनरावलोकन हातात असल्याशिवाय 'नवीन' हा शब्द काढू नका. त्यानं 'टॅकिस' म्हटलेल्या प्रजाती आता एलाफ्रोपस, टॅकियुरा, पॅराटॅकिस, पॉलिडेरिस अशा विखुरल्यात. प्रत्येक नाव आजच्या कॅटलॉगशी ताडून घ्या. रंगावर काडीचाही भरवसा ठेवू नका, कात टाकून नुकताच बाहेर आलेला भुंगेरा फिकटच दिसतो. बघायचं ते हे: मेंटमवर (तोंडाखालची पट्टी) दोन खड्डे आहेत का, पंखांवर किती रेघा स्पष्ट, तिसऱ्या पट्टीवर केसाचे ठिपके कुठे, पंखाच्या कडेचे केसांचे ठिपके कसे गटात, पृष्ठावरची सूक्ष्म जाळी-नक्षी गोल की आडवी ताणलेली. आणि या सगळ्याहून वर नराचं एडीगस (जननेंद्रिय).

बारकोडवाला
एवढं कशाला? एक पाय काढा, सीओआय (ओळखीसाठी वापरतात तो जनुक) करून घ्या, ६५८ बेस जोड्यांचा तुकडा. बोल्डवर (डीएनए बारकोडांचा ऑनलाइन साठा) टाकलं की वेगळी प्रजाती आहे की नाही ते कळतं.

सूक्ष्मदृष्टी
भारतातल्या टॅकिस-गटाचे किती डीएनए-क्रम आहेत त्यात, ते एकदा बघून या. जुळणारा क्रम नाही एवढंच कळेल. तो नवीन आहे की कुणी बारकोड न केलेला जुना, हे त्यावरून कसं ठरवणार? जुनी नावं टाइप नमुन्यांवर (नाव ज्यावर बेतलं ते मूळ नमुने) उभी आहेत, आणि अँड्र्यूजचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

बारकोडवाला
एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन प्रजाती एका वर्णनात शिरल्या तर तुमची जाळी-रेघ काय करणार? दोन्ही करा म्हणतोय मी.

हिप्परगेकर
दोघांचं बरोबर आहे, पण आधी काय, नंतर काय हे महत्त्वाचं. केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) लावल्यावर डीएनए विसरा. पोट अलगद सुटं करून आधी प्रोटिनेज-केमध्ये (प्रथिनं विरघळवणारं विकर) ५६ अंशावर रात्रभर ठेवा. डीएनए निघतो आणि आतलं मांसही बरंचसं विरघळतं, म्हणजे एडीगस काढणं सोपं. भीमाकाठ, नमुने मारले कशात? इथिल ॲसिटेट असेल तर डीएनएची आशा कमी. आणि ठिकाण कोणतं? 'सोलापूर परिसर' टाइप लेबलवर चालत नाही. गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, कसा पकडला, कुणी पकडला.

उत्तरकसबा_२
पावसात आमच्या ट्यूबलाइटवर पण असले बारके किडे येतात, अंगावर बसले की फोड येतात. फवारणी कुठली करावी?

हिप्परगेकर
ते पेडेरस, रोव्ह भुंगेऱ्यांच्या कुळातले. काळा-नारिंगी रंग, पंख अर्ध्या पोटापर्यंतच. चावत नाहीत, अंगावर चिरडले की पेडेरिन या विषामुळे कातडी भाजते. फुंकर मारून उडवा, जागा साबणाने धुवा, दारातला दिवा पिवळा लावा. फवारणी नको. धागा वेगळा काढा, प्लीज.

भीमाकाठ
दोन हिप्परगा तलावाकाठी ओल्या चिखलात, तीन नान्नजच्या बाजूला काळ्या रानातल्या भेगांत. मारले इथिल ॲसिटेटमध्येच. सगळे फेविकॉलने कार्डावर पोटावर चिकटवलेत.

हिप्परगेकर
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! चिखल आणि कोरडी भेग, दोन्हीकडचे एकाच प्रजातीचे हे कशावरून? आधी दोन ढीग वेगळे करा. एका नराचा होलोटाइप (नावाचा मुख्य नमुना) ठरवा आणि पॅराटाइप (सोबतचे नमुने) तेवढेच, ज्यांची खात्री आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्याच्या हद्दीतले असतील तर वन्यजीव विभागाची लेखी परवानगी लागते. गट क्रमांक नकाशावर तपासा.

सूक्ष्मदृष्टी
फेविकॉल आहे ते बरं, गरम पाण्यात सुटतो. सुपरग्लू असता तर ॲसिटोन लागलं असतं. कार्डासकट गरम (उकळत्या नव्हे) पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून १५ मिनिटं ठेवा, ओढू नका, आपोआप सुटेपर्यंत थांबा. मग टोकाला आकडा केलेल्या मिन्युटन (अगदी बारीक) पिनने पोटाच्या टोकातून एडीगस बाहेर घ्या. १० टक्के केओएच, साध्या तापमानाला, दर पाच मिनिटांनी बघत. जास्त राहिलं तर आतल्या पिशवीतले काटे इतके पारदर्शक होतात की चित्रात काही उरत नाही. मग पातळ ॲसिटिक ॲसिड, पाणी, ग्लिसरीन. काम झालं की ग्लिसरीनच्या सूक्ष्म कुपीत, त्याच पिनवर, नमुन्याखाली. यापुढे चिकटवताना कार्डाच्या टोकदार त्रिकोणावर, म्हणजे खालची बाजू दिसते.

भीमाकाठ
आणि जर्नल?

हिप्परगेकर
झूटॅक्सा, झूकीज, जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांच्या नादी लागू नका. होलोटाइप कुठल्या संग्रहात ठेवला ते लेखात लिहावंच लागतं. जैवविविधता कायदा २००२ नुसार नव्या प्रजातीचा नमुना नेमून दिलेल्या संग्रहात जमा करायचा असतो. तुमच्यासाठी झेडएसआयचं (भारतीय प्राणी सर्वेक्षण) पुण्यातलं, आकुर्डीचं केंद्र जवळ पडेल. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर छापण्याआधी झूबँकची (प्राण्यांच्या नावांची अधिकृत नोंदवही) नोंदणी हवी आणि ती लेखातच दिसली पाहिजे, नाहीतर नाव ग्राह्य धरलं जात नाही. सोलापूरवरून नाव देताना गणाचं लिंग बघा. टॅकिस असेल तर सोलापुरेन्सिस, बेंबिडिऑन असतं तर सोलापुरेन्स.

बारकोडवाला
ताजे नमुने पकडाल तेव्हा ९५ टक्क्यांवरच्या इथेनॉलमध्ये टाका. तलावाकाठच्या चिखलावर पाणी शिंपडा, धावत बाहेर येतात, पूटरने (तोंडाने ओढायची नळी-बाटली) ओढा.

भीमाकाठ
हिप्परग्याचा एक भिजवला. पुढच्या पावलाचे पहिले दोन तुकडे रुंद आहेत, शेवटच्या पोटखंडावर दोनच केस. पण एडीगस आत आडवा पडलाय. विकृत आहे का?

सूक्ष्मदृष्टी
नर आहे, छान. विकृत नाही. कॅरॅबिडांत तो आत कुशीवरच असतो, बाहेर येताना ९० अंश फिरतो. फिरवून डावी बाजू वर घ्या, चित्र तिकडूनच काढायचं असतं. पॅरामेर (एडीगसच्या बाजूचे दोन भाग) मोडू नका, त्यांच्या टोकाचे केस मोजून इथे लिहा. नान्नजच्या तिघांना अजून हात लावू नका.