प्रति: पहिला प्रोग्रामर घरीच करायचा असेल तर

कळव्याहून तुम्ही विचारलंय की जुन्या सर्किटप्रमाणे संगणकाच्या पॅरलल पोर्टवर (जुन्या प्रिंटरच्या पोर्टवर) चार रेझिस्टर लावून अॅटमेगा-८ या मायक्रोकंट्रोलर चिपचा प्रोग्रामर, म्हणजे चिपमध्ये प्रोग्राम भरणारं साधन, करावा का, आणि पोर्ट नसेल तर यूएसबी-पॅरलल केबल चालेल का. केबल अजिबात घेऊ नका. ती संगणकाला प्रिंटर म्हणून दिसते. प्रोग्रामरला हव्या तशा एकेक पिना वरखाली करता येत नाहीत.

कुणी यूएसबीएएसपी (यूएसबीला जोडायचा प्रोग्रामर) सुचवलाय तो उत्तमच, पण त्याच्या पोटातही अॅटमेगाच असतो आणि तो आधी कोणीतरी प्रोग्राम करून द्यावा लागतो. पहिल्यांदा करणाऱ्याची गाडी नेमकी इथेच अडते.

त्यापेक्षा कुणाकडून तरी आर्डुइनो उनो (तयार मायक्रोकंट्रोलर बोर्ड) मागून आणा. त्यात 'आर्डुइनो अॅज आयएसपी' हे स्केच (आर्डुइनोचा प्रोग्राम) टाका, म्हणजे उनोच प्रोग्रामरचं काम करतो. मग उनोची १० नंबरची पिन अॅटमेगाच्या १ वर (रीसेट), ११ ही १७ वर, १२ ही १८ वर आणि १३ ही १९ वर. अॅटमेगाच्या ७ व २० ला पाच व्होल्ट, ८ व २२ ग्राउंड. सातव्या-आठव्या पिनेला अगदी खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावाच. स्केच टाकून झाल्यावर उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन टोक रीसेटकडे. तो नसेल तर जोडणी सुरू होताच उनो स्वतःच रीसेट होतो.

आधी फक्त सिग्नेचर (चिपचा ओळख क्रमांक) वाचा. '१ई ९३ ०७' आलं की वायरिंग बरोबर. तोवर फ्यूजना (चिपच्या मूळ सेटिंग्जना) हात लावू नका, आणि रीसेट पिन बंद करणाऱ्या फ्यूजला तर नंतरही नाही. मग ती चिप या प्रोग्रामरला दाद देत नाही.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतील. अॅटमेगा दोन घ्या.