इचलकरंजीच्या प्रोसेसना (कापड धुणाऱ्या, रंगवणाऱ्या कारखान्यांना) तिरुपूरची वाट झेपेल का?

पंचगंगाकाठ:
जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तिरुपूरची डाइंग युनिटं बंद करायला लावली, कारण नोय्यल नदीत रंगाचं पाणी सोडणं थांबत नव्हतं. पुढे तिथल्या सामायिक सांडपाणी केंद्रांनी आरओ (दाबानं पडद्यातून गाळून पाण्यातलं मीठ वेगळं करणं) आणि बाष्पीभवन वापरून नदीत पाणी सोडणं थांबवलं आणि धंदा टिकला. इचलकरंजीतही हे सक्तीचं करा. जैविक प्रक्रियेनं सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) उतरतो, मीठ मात्र जसंच्या तसं पंचगंगेत जातं. रिॲक्टिव्ह रंगाला (सुती कापडाचा नेहमीचा रंग) लिटरमागे 40 ते 80 ग्रॅम मीठ लागतं आणि ते कापडात राहत नाही, सगळं निचऱ्यात येतं.

जिगर:
सक्तीला माझा विरोध. तिरुपूर होजिअरीचं गाव, त्या सुताला खळ लावत नाहीत. आपलं कापड मागावरचं, ताण्याला सायझिंग, म्हणजे खळ. डिसायझिंगमध्ये, म्हणजे ती खळ धुताना, स्टार्च आणि पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, कृत्रिम खळ) सुटतात. स्टार्च जिवाणू खातात, पीव्हीएला सहजी तोंड लावत नाहीत. मग ते यूएफच्या (अल्ट्राफिल्ट्रेशन, आरओआधीची गाळणी) छिद्रांवर सायीसारखं बसतं. फिनिशिंगचं कॅटायनिक (धन भाराचं) सॉफ्टनर त्याहून वाईट. आरओच्या पॉलिअमाइड पडद्यावर ऋण भार असतो, त्याला ते असं चिकटतं की धुऊनही फ्लक्स (पडद्यातून पाणी जाण्याचा वेग) पूर्ण परत येत नाही.

आणि रिजेक्टचं, म्हणजे आरओतून मागे उरणाऱ्या खारट पाण्याचं, काय? 6,000 टीडीएसच्या (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) पाण्यातून 75 टक्के काढलं की उरलेलं 24,000 वर जातं. 90 टक्के काढलं की 60,000. मीठ साधं (सोडियम क्लोराइड) असेल तर तिथे नुसता ऑस्मोटिक दाबच, म्हणजे पाणी पलीकडे ढकलण्याआधी ज्यावर मात करावी लागते तो, 40 बारच्या पुढे. ते उकळायला चार टप्प्यांच्या यंत्रातही टनभर वाफेवर साधारण तीन टन पाणी उडतं. शेवटी उरतं रंगीत मिश्र मीठ. त्याला गिऱ्हाईक नाही आणि ते उघड्यावर टाकताही येत नाही.

नोय्यल:
सगळे निचरे एका गटारात सोडले की मीठ मिश्र होणारच. डायबाथचा (रंगाच्या द्रावणाचा) पहिला निचरा वेगळ्या पाइपनं घ्या, 40 अंशांखाली थंड करा, गाळा आणि नॅनोफिल्ट्रेशनला (आरओहून मोकळ्या पडद्याला) द्या. रंगाचे मोठे रेणू अडतात, साधं मीठ बरंचसं पलीकडे जातं. तेच पाणी पुढच्या बॅचला वापरा. डायबाथमध्ये ग्लॉबर (सोडियम सल्फेट) असेल तर डाव उलटतो, सल्फेटही रंगासोबत अडतं. त्यामुळे आधी मीठ कोणतं ते ठरवा. सोडा ॲशमुळे चढलेला पीएच हायड्रोक्लोरिकनं उतरवा. सल्फ्युरिक वापरलं तर सल्फेट तुम्हीच आत घातलंत.

पंचगंगाकाठ:
हे पटलं. धुण्याच्या पाण्यात मीठ कमी, तेवढंच आरओला गेलं तर रिजेक्टही कमी. पण ब्लीचिंगचं पाणी सांभाळा. मोकळा क्लोरिन 0.1 पीपीएमच्या वर गेला की मेम्ब्रेन (आरओचा पडदा) जळतं, म्हणून आरओआधी क्लोरिन मारणारं मेटाबायसल्फाइट हवंच. फ्लक्स 10-15 टक्के उतरला की लगेच धुवा, आधी अल्कलीनं, मग आम्लानं. सेंद्रिय थरावर आधी आम्ल घातलं तर तो आणखी घट्ट बसतो.

जिगर:
वेगळ्या पाइपला माझीही हरकत नाही. व्हॉल्व्ह मात्र मशीनच्या प्रोग्रामला जोडा, रात्रपाळीच्या हातावर सोडू नका. पण पीव्हीए सायझिंगमध्येच घातलं जातं, प्रोसेसवाला ते कसं थांबवणार? सक्ती करायचीच तर पहिली नोटीस सायझिंगला जाऊ द्या, आरओची पाळी त्यानंतर.