मदत हवी आहे: ऑनलाइन कीटकनाशक घेताना धोक्याची माहिती कुठे बघायची?

नमस्कार मंडळी. घरात झुरळांचा सुळसुळाट झालाय, म्हणून ऑनलाइन औषध शोधतेय. पण जिथे बघावं तिथे बाटलीचा पुढचाच फोटो! 'घरासाठी सुरक्षित' हे ठळक अक्षरांत, आणि ज्या मागच्या लेबलवर सक्रिय घटक, त्याचं प्रमाण, विषबाधेवरचा उपाय, वापरायची मुदत असते, ते एकतर नाहीच, नाहीतर इतकं पुसट की फोटो मोठा करूनही अक्षर लागत नाही.

घटकच कळला नाही तर धोका कसा कळणार? परमेथ्रिन कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरतात, पण तेच मांजराच्या जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे मांजर आहे, शिवाय जमिनीवर रांगणारं बाळ. धान्यातल्या किडीसाठी वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना तर नुसता दमटपणा लागला तरी फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. असलं काही राहत्या घरात यायलाच नको.

तुमच्यापैकी कोणी विक्रेत्याकडे सुरक्षितता माहितीपत्रक (औषधातल्या रसायनांचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारा कागद) मागितलंय का? देतात का ते? बाटलीवरचा नोंदणी क्रमांक खरा आहे हे कुठे ताडून बघता? आणि पार्सलमध्ये सील तुटलेली, गळकी बाटली आली तर काय करायचं? ती परत कुरियरने पाठवणं मला तरी धोक्याचं वाटतं. फवाऱ्याऐवजी जेल लावलं तर बाळाच्या दृष्टीने बरं पडेल का? कृपया अनुभव असणाऱ्यांनीच सांगा.