श्रीजेश तर होताच, पण मागची फळीही आठवा

पॅरिस ऑलिंपिकमधलं भारतीय हॉकी संघाचं कांस्य एकट्या गोलरक्षक श्रीजेशमुळे आलं, असं तुम्ही लिहिलंत. श्रीजेशबद्दल दुमत नाहीच, १६ नंबरची जर्सी उगीच निवृत्त केली नाही. पण ग्रेट ब्रिटनविरुद्धची उपांत्यपूर्व लढत पुन्हा बघा. १७व्या मिनिटाला बचावपटू अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं, तो सामन्याबाहेर गेला आणि उरलेली चाळीसहून जास्त मिनिटं आपण दहा जणांनी खेळलो. मनप्रीत मधल्या फळीतला खेळाडू, तो मागे येऊन बचावात उभा राहिला. हार्दिक तर सगळीकडे दिसत होता. १-१ अशी बरोबरी टिकली म्हणून शूटआउटपर्यंत गेलो आणि तिथे ४-२ जिंकलो. तो सामना मी अक्षरशः उभ्यानं पाहिला.

उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध २-३ हरलो, त्याचं दुःख अजून जात नाही. लाल कार्डानंतरच्या बंदीमुळे रोहिदास नव्हता आणि प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी कॉर्नरवर फटका अडवायला गोलजवळून पहिला धावणारा तोच असायचा. तिथेच आपण कमी पडलो, असं माझं ठाम मत आहे.

कर्णधार हरमनप्रीतचे स्पर्धेतले १० गोल सगळ्यांना ठाऊक आहेत, कांस्यपदकाच्या लढतीतले स्पेनविरुद्धचे दोन्ही त्याचेच. मला मात्र अभिषेकचा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा पहिला गोल जास्त जवळचा वाटतो. ऑलिंपिकमध्ये १९७२नंतर आपण त्यांना हरवलंच नव्हतं. तो ३-२ विजय गटसाखळीतला असला तरी माझ्यासाठी पदकाइतकाच मोठा आहे.