मदत हवी आहे : महाबळेश्वर आणि जतच्या तापमानवाढीची तुलना

नमस्कार मंडळी. महाबळेश्वर (साधारण 1,350 मीटर उंची) आणि जतचा दुष्काळी पट्टा, यांत 1951 पासून जास्त वेगाने कोण तापलंय ते काढतोय. हवामान खात्याची 1 अंश अक्षांश-रेखांशाच्या चौकटींची (प्रत्येक चौकटीला एकच आकडा) रोजची कमाल-किमान तापमानाची आकडेवारी घेतली, वार्षिक सरासरी काढली. उंचीमुळे थेट तापमान ताडून उपयोग नाही, म्हणून दोन्हीकडे 1981-2010 च्या सरासरीपासूनचा फरक घेतला आणि एक्सेलमध्ये कलरेषा (ट्रेंडलाइन) ओढली. दोन्ही रेषांच्या चढात फरक दिसतो, पण तो खरा की योगायोग?

दुसरी अडचण मोठी वाटते. एक चौकट म्हणजे जवळपास 110 किलोमीटर. महाबळेश्वरच्या चौकटीतच चिपळूण आणि दापोलीही येतात! आंबेनळी घाट उतरला की शर्ट अंगाला चिकटतो, ती हवा आणि वरची हवा एकाच आकड्यात कशी धरायची?

प्रोग्रामिंग येत नाही, एक्सेलपुरतंच जमतं. दोन्ही मालिकांची दरवर्षीची वजाबाकी करून त्या वजाबाकीचाच कल तपासला तर चालेल का? आणि महाबळेश्वरसाठी ही चौकट वापरावी, की एकाच केंद्राच्या नोंदी मिळवाव्यात?