३५० इंजिनला जुन्या २८३ चा वॉटर पंप चालेल का?

जुनापिकअप: १९६६ चा शेवरोलेट पिकअप आहे, मूळचं २८३ (घन इंचांचं व्ही-८ इंजिन) काढून सत्तरच्या दशकातल्या शेवरोलेट कारचं ३५० बसवतोय. ३५० च्या पंपाला खालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकतंय म्हणजे सील गेलं, बदलणं आलंच. २८३ चा पंप ठणठणीत आहे पण शेजारी ठेवला तर चांगलाच आखूड दिसतो. तोच लावू का? रेडिएटरपुढे जागा कमी आहे म्हणून विचारतोय.

पट्टापुली: ब्लॉकला बिनधास्त बसेल, बोल्टची भोकं १९५५ पासून तीच आहेत. खरी भानगड पुढच्या बाजूला. १९६९ ला कारना लांब पंप आला, ब्लॉकपासून हबपर्यंत, म्हणजे पुली बसते त्या तोंडापर्यंत, जवळपास ७ इंच, आधीचा साधारण साडेपाचच्या जरा वर. म्हणजे पुली सव्वा इंच मागे येणार, त्यामुळे पंपाची पुली, क्रँकची पुली, ब्रॅकेट सगळं एकाच जातीचं हवं, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं केलंत की पट्टा तिरका चालतो आणि कडा कुरतडून निघतात. फॅनला जागा मिळेल हे मात्र नक्की, तुमच्या पिकअपला मी तरी आखूडच लावला असता.

जुनापिकअप: अल्टरनेटरचं काय? ३५० ला तो उजवीकडे आहे.

ग्रीसहात: आखूड पंपाच्या सेटमध्ये तो ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे या अमेरिकन गाडीत डावीकडे येतो, त्याचा जुना ब्रॅकेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळीला) धरतो, तेव्हा तुमचा मॅनिफोल्ड तसा आहे का ते आधी बघा. उलटं, म्हणजे जुन्या इंजिनाला लांब पंप, करणाऱ्यांचे जास्त हाल होतात, १९६९ आधीच्या सिलिंडर हेडना पुढच्या तोंडावर ब्रॅकेटची भोकंच नसतात, लांब पंप बसतो पण अल्टरनेटर लटकवायचा कुठे!

पट्टापुली: आणि कधी नवा पंप घ्याल तर नंतरच्या सपाट रुंद पट्ट्यावाल्या इंजिनाचा उचलू नका. त्यातले बरेच उलटे फिरतात, पट्ट्याची पाठ पुली फिरवते, आतला इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) त्या दिशेचा असतो. तुमच्या व्ही पट्ट्यावर तो बसेलही, पाणी मात्र नीट ढकलणार नाही आणि इंजिन तापेल, मग लोक उगाच थर्मोस्टॅट बदलत बसतात.

जुनापिकअप: मॅनिफोल्ड २८३ चेच ठेवतोय, म्हणजे जमलं. क्रँकची पुली?

ग्रीसहात: बॅलन्सरवर (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या चाकावर) भोकं जुळतात का बघा, मग दोन्ही पुल्यांवर सरळ पट्टी धरून रेषा तपासा. पंपाच्या बोल्टना सीलंट लावा, नाहीतर आट्यांतून पाणी झिरपतं.