गेम ‘लॅग मारतो’ म्हणजे नक्की काय करतो?

धागाकर्ता

परवा कोल्हापूरहून भाच्याचा फोन आला. “मामा, पीसी लय लॅग मारतोय.” घरात कोणी असं म्हटलं की सगळ्यांचं बोट राउटरकडे वळतं. ताईने तोवर ५० एमबीपीएसचा प्लॅन सोडून २०० चा घेतलासुद्धा होता. फरक शून्य. मी विचारलं, “लॅग म्हणजे होतं काय?” “लॅग म्हणजे लॅग होतंय.” “अरे पण दिसतं काय?” पोरगं वैतागलं. जरा थांबून म्हणालं, “गोळी वेळेवर सुटते ओ मामा. पण मान वळवली की चित्र गचके खातंय.”

गचके! हा शब्द आधी निघाला असता तर प्लॅनचे पैसे वाचले असते. एकट्याने खेळायचा एक गेम त्याला नेटची वायर काढून लावायला सांगितला. गचके तसेच. म्हणजे नेट निर्दोष सुटलं.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. आपण ‘लॅग’ हा एकच शब्द चार दुखण्यांना लावतो. इंग्रजीत स्टटर, लॅग, लेटन्सी, फ्रीझ असे वेगळे शब्द आहेत, पण तेही लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. मराठीत अडखळणे, रखडणे, रेंगाळणे, खोळंबणे, थबकणे एवढे शब्द पडून आहेत. कुठला कुठे बसतो? नवे घडवलेले शब्द नकोत, घरात बोलले जाणारे सांगा.

प्रतिसाद १

स्टटरला अडखळणे. याहून चांगला शब्द मिळणार नाही. पाय अडखळतो, जीभ अडखळते, वाचणारं मूल जोडाक्षरापाशी अडखळतं. तिन्हीकडे गती चालू असते आणि मध्येच मोडते, मग पुन्हा चालू होते. रखडणे वेगळं. रस्त्याचं काम रखडतं, त्यात गचका नसतो, ते मुळी पुढेच सरकत नाही. खोळंबणे तर वाट पाहणाऱ्याचं. लोडिंगच्या पडद्यासमोर आपण खोळंबतो, गेम नव्हे.

गंमत म्हणजे आपल्या ‘लगबग’ आणि ‘लगेच’मध्ये जो ‘लग’ ऐकू येतो तो घाईचा, आणि इंग्रजीतला ‘लॅग’ नेमका उलटा. नातं काही नाही, कानाला मात्र मजा वाटते.

प्रतिसाद २

आमच्या ग्रुपवर एकाने ‘तोतरा पीसी’ असं लिहिलं होतं. कृपया तो शब्द नको. मी लहानपणी अडखळत बोलायचो, अजूनही फोनवर स्वतःचं नाव सांगताना अडतो. अडखळणे ही क्रिया आहे, ती कोणाचीही होऊ शकते. तोतरा हा माणसावर मारलेला शिक्का आहे.

आता विषय निघालाच आहे तर एक सांगतो. अडखळणारा माणूस हळू विचार करत नसतो. शब्द तयार असतो, फक्त वेळेवर बाहेर पडत नाही. मशीन अडखळतं तेव्हाही लोक पहिलं म्हणतात, “ग्राफिक कार्ड कमजोर आहे.” बऱ्याचदा कार्ड रिकामं बसलेलं असतं आणि त्याच्यापर्यंत माल पोचत नसतो.

प्रतिसाद ३

मी तबला शिकवतो, गेम मुलगा खेळतो. त्याने मला पडद्याच्या कोपऱ्यातला एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) येतात त्याचा, आकडा दाखवला आणि म्हणाला, “बघा बाबा, साठ येतायत, तरी अडखळतंय.” मी म्हटलं, अरे, हा लयीचा प्रश्न आहे, वेगाचा नाही.

सेकंदाला ६० चित्रं म्हणजे दर चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. आता समजा एका सेकंदात ५४ चित्रं ठेक्यात आली आणि एकाच चित्राने १०० मिलिसेकंद खाल्ले. आकडा दाखवणार ५५. कागदावर सगळं ठीक, डोळ्याला मात्र खड्डा. विलंबित एकतालात धिं धिं धागे तिरकिट कितीही सावकाश वाजवा, ऐकणारा डोलतो, कारण मात्रांमधलं अंतर सारखं असतं. द्रुतमध्ये एकदाच तिरकिट उशिरा पडलं की समोरचा गायक वळून बघतो.

म्हणून माझं मत असं: एकसारखे ३० फ्रेम हे विलंबित. वर-खाली होणारे ६० म्हणजे लय सुटणे. मुलाने नंतर आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा आलेख लावला. सपाट रेघ म्हणजे ठेका, आणि मध्येच उभा राहणारा काटा म्हणजे चुकलेली मात्रा. त्याने फ्रेम ५० वर बांधून टाकल्या आणि काटे बरेच खाली आले. कमी वेगात जास्त गोडवा, हे त्याला माझ्या तोंडून कधी पटलं नसतं.

(धागाकर्त्याच्या भाच्याचं ‘लय लॅग’ वाचून हसलो. लय फार झाली आणि लयच गेली.)

प्रतिसाद ४

नेटवर्कचं काम करतो म्हणून फक्त लेटन्सीबद्दल, म्हणजे हाक गेल्यापासून उत्तर येईपर्यंतच्या वेळाबद्दल. रोजच्या बोलण्यात ‘उशीर’ पुरेसा आहे, लिहिताना ‘विलंब’. ‘दिरंगाई’ वापरू नका, कारण दिरंगाईत कोणाचा तरी दोष गृहीत असतो, फाइल दाबून ठेवल्यासारखा. लेटन्सीचा मोठा हिस्सा निव्वळ अंतराचा असतो.

हिशोब सोपा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला २००. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन परत यायलाच ३९ मिलिसेकंद गेले, आणि समुद्रातली केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. वर प्रत्येक टप्प्यावरच्या यंत्रांचा वेळ. त्यामुळे सिंगापूरच्या सर्व्हरवर तुम्हाला १० चा पिंग (जाऊन-येऊन १० मिलिसेकंद) कोणीही देऊ शकत नाही, प्लॅन २०० चा घ्या नाहीतर हजाराचा. रस्ता सहापदरी केला म्हणून पुण्याहून कोल्हापूर जवळ येत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये मुंबईचा सर्व्हर निवडलाय ना, हे आधी बघा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

पिंग हा शब्द मात्र फार सुरेख. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये तो छोटा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून नाव ठेवलं. हाक मारायची आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. आपल्याकडे दरीच्या तोंडाशी उभं राहून ‘ओऽऽ’ केल्यासारखं. त्याचं भाषांतर करू नये.

घरात एकजण लग्नाचा व्हिडिओ चढवायला बसला की दुसऱ्याचा पिंग २० वरून २०० ला जातो, हेही बघितलं असेल. राउटर पाकिटं टाकून न देता रांगेत साठवत बसतो, आणि तुमच्या गोळीचं पाकीट त्या रांगेच्या शेपटाला. इथे मात्र ‘खोळंबा’ चपखल बसतो. राउटरमध्ये क्यूओएस (कोणाचं पाकीट आधी सोडायचं ते ठरवणारी सोय) असेल तर चालू करून चढवण्याचा वेग थोडा आवळा.

प्रतिसाद ५

हयात भाषांतरात गेली, म्हणून एक सुचवतो. लेटन्सीच्या मुळाशी लॅटिनमधला ‘लपून असणे’ हा अर्थ आहे. रोग अंगात शिरतो आणि ताप नंतर चढतो, मधला काळ दिसत नाही. कृती झाली आहे पण परिणाम अजून लपलेला आहे, या अर्थाने ‘सुप्तकाल’ जास्त नेमका. विलंब म्हटलं की ठरलेल्या वेळेनंतर असा भास होतो. हार्ड डिस्कचंच बघा. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद, आणि हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी. यात उशीर कोणी केला? कोणीच नाही.

धागाकर्ता

काका, मुद्दा पटला, शब्द नाही. फोनवर ‘सुप्तकाल’ म्हटलं तर भाचा विचारेल, मामा, झोपलात का.

पण हार्ड डिस्कचं तुम्ही बरोबर काढलंत. शनिवारी कोल्हापूरला गेलो. पोराला म्हटलं, हेडफोन काढ आणि कॅबिनेटला कान लाव, खेळतो मी. गावात शिरलो की आतून टक्-टक्-खर्र. आणि बरोबर त्या खर्रच्या वेळी चित्र थबकायचं. भाचा कान तसाच ठेवून बोट वर करायचा, “आत्ता”, आणि माझ्यासमोर गचका. पाच-सहा वेळा केलं, एकदाही चुकला नाही. विंडोज वेगवान एसएसडीवर आणि गेम मात्र बापाच्या काळातल्या डिस्कवर, जागा पुरत नाही म्हणून. गेम हलवला. मोठे गचके गेले. बारीक राहिले, त्याचं पुढे सांगतो.

प्रतिसाद ६

अकोल्याहून. आमच्याकडे पोट्टे म्हणतात, “गेम अटकून राहिला बे.” अटकणे आणि अडखळणे एक नाही. अटकलं म्हणजे तिथेच.

एक शब्द माझाही. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. लॅपटॉप पहिली वीस मिनिटं झकास, मग फ्रेम घसरतात आणि घसरलेल्याच राहतात. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. याला आम्ही म्हणतो ‘दम लागला’. अडखळणं नाही हे, चढावर बैल धापा टाकतो तसं. जाळी उघडून धूळ काढा, मागची बाजू उचलून ठेवा, आणि मांडीवर उशी घेऊन त्यावर ठेवणाऱ्यांनी तर बोलूच नये.

प्रतिसाद ७

बैलाचं निघालंच आहे तर ‘बिचकणे’ घ्या. नवीन पुलावर बैल पहिल्यांदा बिचकतो, दुसऱ्या दिवशी मुकाट जातो. गेममध्ये पहिला स्फोट झाला की हिसका बसतो, तसाच दुसरा स्फोट मात्र सुरळीत. ग्राफिक कार्डाला तो परिणाम कसा रंगवायचा याचे छोटे प्रोग्राम, शेडर, त्याच क्षणी तयार करावे लागतात, म्हणून. एकदा तयार झाले की डिस्कवर साठवून ठेवतात. कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बदलला की साठा बहुधा बाद होतो आणि बैल पुन्हा बिचकतो. काही गेम सुरुवातीलाच ‘शेडर तयार होत आहेत’ असं दाखवून पट्टी सरकवतात. ती घाईने सोडून देऊ नका, चहा ठेवा.

प्रतिसाद ८

दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की मी ‘काय झालं’ विचारत नाही, ‘करून दाखवा’ म्हणतो. कारण ‘हँग होतो’ या एका वाक्यात मी आजवर बंद पंखा, भरलेली डिस्क, सैल वायर आणि एकदा माऊसची संपलेली बॅटरीसुद्धा बघितली आहे.

माझी विचारण्याची पद्धत: चित्रासोबत आवाजही करकरतो का? करकरत असेल तर कार्डाकडे न जाता आधी ड्रायव्हरकडे. एखादा ड्रायव्हर, बऱ्याचदा वायफायचा, प्रोसेसरला धरून बसतो आणि बाकीच्यांना ताटकळत ठेवतो. लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम लावला की त्या ड्रायव्हरचं नाव कळतं. आवाज, माऊस आणि चित्र तिन्ही क्षणभर एकदम गोठत असतील आणि मशीन एएमडीच्या रायझन प्रोसेसरचं असेल, तर बायोस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) किती जुना आहे ते बघा. एएमडीने मार्च २०२२ मध्ये स्वतःच कबूल केलं होतं की काही मशीनवर एफटीपीएमचा (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागाचा) मदरबोर्डवरच्या फ्लॅश मेमरीशी चाललेला व्यवहार लांबतो आणि त्यामुळे असं होतं. उपाय म्हणून नवे बायोस आले.

चित्र आडवं कापल्यासारखं दिसतं, वरचा भाग पुढे, खालचा मागे? ते ‘फाटणं’, अडखळणं नाही. व्ही-सिंक (चित्रं मॉनिटरच्या ठेक्यानेच सोडणारी सेटिंग) लावला की फाटत नाही, पण मग बटण दाबल्यावर हात जड वाटतो. मॉनिटरला जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरच कार्डाच्या ठेक्याने चालतो) असेल तर तो वापरा. ‘हात जड’ हा माझा शब्द नाही, एका दहावीतल्या मुलाचा आहे. इनपुट लॅगला याहून चांगलं काय म्हणणार?

धागाकर्ता

हात जड. घेतला.

उरलेल्या बारीक गचक्यांचं. झाकण उघडलं तर १६ जीबीची रॅम एकाच पट्टीत, चारपैकी एका खाचेत. बाकीच्या तीन खाचांत धूळ. जुळी दुसरी पट्टी आणली, मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवली, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं. प्रतिसाद दोनमधलं “माल पोचत नसतो” हेच ते. आलेखातले काटे पुष्कळ बुटके झाले. नव्या भागात पहिल्यांदा गेल्यावर अजून एखादा हिसका बसतो, त्याला भाचा आता “बिचकलं” म्हणतो. हा धागा त्याला वाचून दाखवला होता.

प्लॅन २०० चाच राहिला. ताई म्हणते, सिरीयल छान दिसतात.

एक शब्द अजून अडलाय. ऑनलाइन खेळताना तुम्ही दहा पावलं पुढे जाता आणि अचानक मागे, जिथून निघालात तिथेच उभे दिसता. तुमचं मशीन पुढे गेलं, सर्व्हरला ते कळलंच नाही, म्हणून त्याने मागे आणून ठेवलं. इंग्रजीत रबर-बँडिंग.

प्रतिसाद ९

दाव्याला बांधलेलं वासरू. दोर संपला की मागे. ‘दावं ताणलं’ कसं वाटतं?

धागाकर्ता

भाच्याला विचारलं. त्याने दावं बघितलेलं नाही. तो “परत ओढलं” म्हणतो.